हरिणाचा ठसा आणि चामड्याचा पट्टा

इसवी सन १९६४, नोव्हेंबर महिन्याची आठ तारीख, रविवार, सकाळचे दहा. स्थळ इस्रायल देशातील लोद नगर, रेल्वे यार्डामागचे भंगाराचे आवार. या दिवशी व या स्थळी मी पुढील निवेदन करीत आहे. दुपारी एक वाजता हैफाच्या भट्टीकडे जाणारी लॉरी भरली जाईल. माझ्यापाशी तीन तास आहेत, आणि मला एक प्रश्न सोडवायचा आहे.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, मोटारीचा. त्यातही उजवा, म्हणजे चालकाच्या बाजूचा, कारण आमची मोटार विलायतेत घडली होती. प्रश्न असा: शर्यतीच्या मोटारीने एखाद्या कंपनीच्या जाहिरातीचा ठसा अंगावर मिरवावा काय, आणि मिरवला तर त्यात चालकाचे हित आहे काय? हा प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. तो ठसा ज्याच्या अंगावर होता त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

माझा जन्म एका इंग्रजी कारखान्यात पोलादी पत्र्यावर साचा पडून झाला. एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मी या देशात आलो. तो गेला, मी राहिलो. काही वर्षे हैफात टॅक्सी म्हणून धावलो, नंतर एका ट्रकने आमचे नाक चेपले आणि आम्ही लोदमध्ये एका भिंतीला टेकून गंजत पडलो. १९६२ च्या उन्हाळ्यात गर्शोन वाक्रुळकर यांनी आम्हाला तेथून ओढून नेले.

गर्शोन हे कोकणातल्या वाक्रुळचे, बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. मुंबईला बसगाड्यांच्या वर्कशॉपात त्यांनी अकरा वर्षे इंजिने बांधली होती. लोदला विमानतळावरील वाहनांच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले, परंतु मुंबईच्या दाखल्यांचे इथे काय करावे हे कचेरीला कळेना. म्हणून त्यांच्या हाती पान्याऐवजी झाडू देण्यात आला. तीन वर्षे ते इंजिनांखालचे तेल पुसत होते, आणि वर काय बिघडले आहे हे खालूनच, केवळ आवाजावरून ओळखत होते. ते कुणाला सांगत नसत. विचारलेच तर सांगत, आणि ते कुणी विचारीत नसे.

पण संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या छपरात ते पुन्हा मेकॅनिक होत. एका मोडक्या लॉरीचे इंजिन त्यांनी आमच्यात बसवले. माझ्या कडीची जीभ झिजली होती. जोराचा हिसका बसला की मी उघडत असे. हा माझा दोष होता आणि मी तो लपवीत नाही. गर्शोननी त्यावर उपाय केला. मुंबईहून येताना ज्या होल्डऑलमध्ये गाद्या बांधून आणल्या होत्या त्याचा चामडी पट्टा त्यांनी घेतला, एक कडी माझ्या मध्यावर आणि दुसरी मागच्या पत्र्यावर रिव्हेटने ठोकली, आणि प्रत्येक धावेआधी पट्टा ओढून बकल लावण्याची शिस्त ठेवली.

“दाराला पट्टा आणि पँटीला सुतळी,” त्यांच्या पत्नी सोफी म्हणाल्या. “बघा, लोकं काय म्हणतील.”

“लोकं गाडीकडे बघतील गं. माझ्या पँटीकडे कोण बघतंय?”

लोदच्या दक्षिणेस इंग्रजांनी सोडून दिलेली एक धावपट्टी आहे. तिथे चारशे मीटरची सरळ शर्यत होत असे: दोन गाड्या, एक निशाण, एक घड्याळ, वळण नाही, दुसरी संधी नाही. कारखान्याचा फोरमन गिदोन हा तिथला पंच होता. पहिल्या मोसमात आम्हाला साडेवीस सेकंद लागले आणि आम्ही चौथे आलो. टायर गुळगुळीत झाले होते. निशाण पडताच आम्ही जागीच धूर काढीत असू.

तेव्हा, म्हणजे १९६३ च्या मार्चमध्ये, एफ्राइम आला. तो हरिण छाप इंजिन तेलाचा प्रतिनिधी होता. बूट स्वच्छ, बोलणे त्याहून स्वच्छ. त्याने चार नवे टायर, एक कार्ब्युरेटर आणि हवे तितके तेल देऊ केले. त्याच्या बदल्यात दोन्ही दरवाज्यांवर कंपनीचा ठसा लावायचा, आणि कंपनी जाहीर करील त्या प्रत्येक शर्यतीला गाडी हजर राहील असे लिहून द्यायचे. गर्शोन हजर न राहिल्यास कंपनीचा चालक ती चालवील, हेही त्यात होते. कागदात काहीच लपवलेले नव्हते. गर्शोननी तो दोनदा वाचला, आणि सोफींना मराठीत समजावून सांगितला.

“त्यात शनवारचं काय लिहिलंय?” सोफींनी विचारले.

गर्शोन हसले. मी ते हसणे विसरलेलो नाही. “सोफी, वाक्रुळात आपल्याला काय म्हणायचे?”

“शनवार तेली.”

“का?”

“शनवारी घाणा बंद म्हणून. मला काय शिकवता?”

“मग तिथे कधी लिहून घेतलं होतं का कुणाकडनं? भंडारी, आगरी, मुसलमान, सगळा गाव शुक्रवारीच तेल भरून ठेवायचा. आणि हा तर आपला देश. इथे सगळेच शनवार तेली. इथे काय लिहून घ्यायचं?”

“तिथे कुणी आपलं नव्हतं, म्हणून लक्षात ठेवायचे,” सोफी म्हणाल्या. “बघा बाई. तेल्याच्या घरात तेलाची जाहिरात. बाबा असते तर घाण्याचा बैलसुद्धा हसला असता.”

गर्शोननी सही केली. मित्रांनो, ही चूक कोणाही वाह्यात माणसाच्या हातून घडली नसती. ती होण्यासाठी मनुष्य फार श्रद्धाळू असावा लागतो.

ठसा लावण्याचा विधी माझ्या लक्षात आहे. सोफींच्या परातीत पाणी घेऊन एफ्राइमने तो कागद भिजवला, चित्र हळूच माझ्यावर सरकवले, फडक्याने बुडबुडे काढले आणि वरून वॉर्निश दिले. सोनेरी हरिण, झेपावणारे, आणि खाली कंपनीचे नाव. मला ते आवडले. सोळा वर्षे ज्याच्यावर फक्त चिखल उडाला त्याला सोनेरी रंग आवडला तर त्याला दोष देऊ नका. परंतु पट्टा ओढला की तो बरोबर हरिणाच्या मानेवरून व नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून जात असे.

“ठसा जरा खाली घ्या,” गर्शोन म्हणाले.

“खाली फोटोत येत नाही,” एफ्राइम म्हणाला. “पट्टा काढता येणार नाही?”

“दार उघडेल.”

एफ्राइमने मान हलवली, पण होकारार्थी नव्हे.

आता न्यायाने बोलू. ठशाने गाडी वेगवान होते काय? होत नाही, चित्राला अश्वशक्ती नसते. परंतु ठशामागून आलेल्या टायरांनी ती वेगवान होते. साडेवीस सेकंदांचे पावणेवीस झाले. पाऊण सेकंद ही शर्यतीत लहान गोष्ट नव्हे. चौथ्या क्रमांकाचे आम्ही दुसरे झालो, मग पहिले. म्हणून जे म्हणतात की ठसा निरर्थक आहे त्यांच्याशी मी सहमत नाही. जे म्हणतात की तो निरुपद्रवी आहे, त्यांच्याशी माझा वाद आहे.

कारण पाहा. आम्ही जिंकलो तेव्हा कर्ण्यातून घोषणा झाली, “हरिण छाप पहिली.” वर्तमानपत्रात छायाचित्र आले, त्यात मी संपूर्ण होतो आणि गर्शोनांचे एक कोपर होते. सोफींनी ते कापून भिंतीला लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत, “हे कोपर आमच्या ह्यांचं.” त्यावर सगळे हसत. गर्शोनही हसत, पण दिवसेंदिवस थोडे कमी.

१९६४ च्या वसंतात गिदोनने त्यांना बोलावले. “तुझे मुंबईचे कागद कचेरीत कुणी वाचत नाही,” तो म्हणाला. “पण शर्यतीचा निकाल ते वाचतात. शरद ऋतूतल्या शेवटच्या शर्यतीत तू बांधलेली गाडी पहिली आण. मी तुला इंजिनाच्या बाकावर, मेकॅनिक म्हणून, घेतो. माझा शब्द.”

गिदोन वाईट माणूस नव्हता. त्याने दिलेला शब्द खरा होता. त्या दिवसापासून गर्शोनांचे सगळे आयुष्य त्या चारशे मीटरांवर येऊन उभे राहिले. सोफींनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला: ह्यांच्या हाती पाना आला की पोहे, नारळ आणि पाच फळे. पोहे त्यांनी आधीच आणून डब्यात भरून ठेवले.

ऑक्टोबरात तारीख जाहीर झाली. चोवीस ऑक्टोबर, शनिवार, सकाळी अकरा.

गर्शोन गिदोनकडे गेले. परत येऊन त्यांनी छपरात माझ्याशेजारी उभे राहून सोफींना सगळे सांगितले. आतापर्यंतच्या शर्यती सरकारी सुट्टीत किंवा शुक्रवारी सकाळी झाल्या होत्या. या वेळी बारा गाड्या होत्या, निम्मे चालक शुक्रवारी दुपारपर्यंत लॉरी हाकीत, आणि धावपट्टी फक्त शनिवारी मोकळी मिळत होती. “मी कुणावर सक्ती करत नाही,” असे गिदोन म्हणाला होता. “तुझं तू ठरव.” मग ते एफ्राइमकडे गेले होते. त्याने नम्रपणे कागद काढून दाखवला होता.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, तुम्ही नका येऊ. गाडी येईल.”

“मग जाऊ दे गाडी. तुम्ही बांधलीय, ती पहिली आली तरी झालं ना? गिदोन तसंच म्हणाला.”

“कंपनीचा तो पोरगा तिला ओळखत नाही, सोफी. दुसऱ्या गिअरला ती कशी ओरडते ते त्याला ठाऊक नाही.” मग ते म्हणाले, “आणि शनवारी माझा बैल दुसऱ्यानं जुंपला, तर घाणा बंद राहिला म्हणायचं का?”

 या प्रश्नावर मी तेव्हापासून विचार करीत आहे.

शुक्रवारी दुपारी गर्शोन घासलेटाचा डबा आणि दाढीचे पाते घेऊन माझ्यासमोर बसले. ठसाच नसेल तर कंपनीचा हक्क कशावर, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो कायद्यात टिकला नसता, हे मलाही समजत होते. बुडणारा मनुष्य काडीचा कायदा तपासत नाही. वॉर्निश चिवट होते. त्यांनी डावा ठसा सोडून माझ्यापासून सुरुवात केली. हरिणाचे शिंग गेले, डोके गेले, पुढचे पाय गेले. पात्याने त्यांचे बोट कापले, माझाही रंग निघाला. मी ओरडू शकलो असतो तर “आणखी जोरात” असे ओरडलो असतो.

घरातून सोफींची हाक आली. “अहो, दिवा लावतेय.”

त्यांचा हात थांबला. सूर्य रेल्वे यार्डापलीकडे टेकला होता. खरवडणे हे काम आहे, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून कामाला बंदी करणारा शब्बाथ आत आला होता. त्यांनी पाते डब्यावर ठेवले, हात धुतले आणि आत गेले. माझ्यावर अर्धे हरिण उरले: पोट, मागचे पाय आणि कंपनीचे नाव.

शनिवारी सकाळी एफ्राइम दोन माणसांसह आला. किल्ली खिळ्याला होती. गर्शोननी ती दिली नाही आणि अडवलीही नाही; ते दारात प्रार्थनेचे पुस्तक घेऊन उभे होते. “पट्टा लावा,” एवढेच ते म्हणाले. “धावायच्या आधी पट्टा लावा.”

“लावू,” एफ्राइम म्हणाला.

धावपट्टीवर कंपनीच्या चालकाने पट्टा हाती घेतलाही होता. एफ्राइमने माझ्याकडे पाहिले. “डोकं तर त्याने खरवडलंच आहे. आता नावावरही पट्टा? काढ तो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

मित्रांनो, अर्ध्या मिनिटाचेही नव्हते. दुसऱ्या गिअरला हिसका बसला आणि माझी कडी सुटली. मी वाऱ्यावर संपूर्ण उघडलो. चालक मला ओढण्यासाठी वाकला, त्याचा दुसरा हात स्टिअरिंगच्या चक्रासह वळला, आणि आम्ही वाळूच्या पिंपांवर गेलो. त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तो जगला, आणि यासाठी मी रोज आभार मानतो. पण मीच उघडलो होतो. माझ्या दोषाला औषध होते, आणि ते काढले गेले ते एका नावाची दोन अक्षरे दिसावीत म्हणून. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे, पिंपांच्या मध्ये, मिळाले: टायर घ्यावेत, पण ज्या जागी तुमचा पट्टा आहे ती जागा कोणालाही देऊ नये.

गिदोनने रविवारी इंजिन उघडून पाहिले. मग गर्शोनांना म्हणाला, “असं काम आमच्याकडे दोघांनाच जमतं.” गर्शोन वाट पाहत राहिले. “पण निकालात गाडी पहिली नाही. मी कचेरीला काय दाखवू?” गर्शोननी झाडू उचलला. हे मला नंतर, सोफी या आवारात भंगारवाल्याशी बोलत होत्या तेव्हा कळले. तोवर मोटार मोडून कंपनीने आपले टायर नेले होते आणि मला इथे टाकले होते.

म्हणून, मित्रांनो, माझी विनवणी ऐका. जी वस्तू तुम्हाला धावू देते तिच्या दोषाची काळजी घ्या. तिचा पट्टा कुरूप दिसला तरी काढू नका. आणि जे तुम्हाला इतके ठाऊक आहे की लिहावेसे वाटत नाही, तेच आधी लिहून घ्या.

बारा वाजले आहेत. आवाराच्या फाटकातून जेवणाच्या सुट्टीत गर्शोन आले आहेत, सोफीही आहेत. भंगारवाला याकोव पत्रे निवडतो आहे. सोफी वीत टाकून मला मोजतात.

“कोंबड्यांच्या खुराड्याला बसेल,” त्या म्हणतात. “ह्याला विचारा ना, घेऊन जाऊ का.”

गर्शोन खिशातून तेच पाते काढतात. आज रविवार आहे; आज खरवडता येईल. ते हरिणाच्या पोटावर पाते टेकवतात. मी, ज्याने या पंधरा दिवसांत आशा सोडली होती, पुन्हा ती धरतो.

याकोव जवळ येतो. मला उचलून एका डोळ्याने माझी कड पाहतो, पिंपांवर आदळून जिथे मी वळलो आहे तिथे अंगठा फिरवतो. ठशाकडे तो पाहतही नाही.

“ठसा राहू दे,” तो म्हणतो. “दार वाकलंय. हे आता कुठल्याच चौकटीत बसणार नाही.”