आयांनी बाहेर थांबावं

वहिनीचं भाषण मला तोंडपाठ आहे. कुठे आवंढा गिळणार, कुठे पाण्याचा ग्लास उचलणार, कुठे चष्मा पुसणार, सगळं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, हाताला गरम लागली, तर अंगावर काढू नका. पायाला प्लास्टर असेल, ऑपरेशन झालं असेल, तासन्‌तास एका जागी बसून प्रवास झाला असेल, तर जास्त जपा. दम लागला, छातीत कळ आली, तर सकाळची वाट बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. एवढं झालं की ती भिंगरीचा फोटो वर धरते. बायका डोळे पुसतात, कुणीतरी टाळ्या वाजवतं आणि मग अशा ठिकाणी टाळ्या वाजवायच्या नसतात हे लक्षात येऊन थांबतं. भाषणात एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच मला तिचा संताप येतो, कारण एक वाक्य ती दर वेळी गाळते.

भिंगरी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. तिचा पाय कधी एका जागी ठरला नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. घोटा मोडला, प्लास्टर पडलं, पायात रक्ताची गुठळी झाली, ती सरकून फुप्फुसात गेली आणि कॉलेजात जाणारी धडधाकट पोरगी आमच्यातून गेली. हे वहिनी सांगते. भिंगरी तेव्हा संततिनियमनाच्या गोळ्या घेत होती, हे ती सांगत नाही.

आम्हालाही ते उशिराच कळलं. तिच्या मैत्रिणीने हॉस्पिटलात रडत रडत सांगितलं, तेव्हा सांगून उपयोग राहिला नव्हता. तिथली डॉक्टरीण भली होती. ती म्हणाली, या गोळ्यांनी बहुतेक मुलींना काहीही होत नाही; पण गोळ्या चालू असताना पाय प्लास्टरमध्ये जखडला की धोका वाढतो. आधी कळलं असतं तर गोळ्या थांबवल्या असत्या, कदाचित रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली असती. भिंगरी त्या गोळ्या कशासाठी घेत होती, मला ठाऊक नाही. मुरुमांसाठी असतील, पाळीत पोट दुखायचं त्यासाठी असतील, नाहीतर एखादा मुलगा असेल. मला त्याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. वहिनीला आहे. लोक तिसऱ्या कारणापाशीच थांबतील, असं तिला वाटतं आणि तिचं चूकही नाही.

पण हाडांच्या डॉक्टरच्या खोलीत मी होते. भिंगरीचा एक बूट हातात धरून भिंतीशी उभी होते. डॉक्टरने तिला विचारलं, "रोजची काही औषधं?" आणि उत्तर वहिनीने दिलं. "छे हो. तिला साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा लागत नाही." मोठ्या अभिमानाने दिलं. भिंगरी मान खाली घालून प्लास्टरची कड नखाने खरवडत राहिली. डॉक्टरनेही तिला पुन्हा विचारलं नाही. त्याच्यावरचा राग मी वेगळा जपून ठेवला आहे.

वहिनीचं आणि माझं सख्य पहिल्यापासूनच विळ्या-भोपळ्याचं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते, दिवसभर लोकांवर ओरडते, तिच्या मते माझ्या तोंडाला गाळणी नाही. तरी तिला भाषणांना मीच नेते, कारण दादा येत नाही. "रोज उठून चार लोकांसमोर पोरीला पुन्हा मारायचं, मला नाही जमत," असं म्हणून तो टीव्हीसमोर बसतो. टीव्ही बंद असला तरी बसतो. मला मात्र त्याने सांगून ठेवलं आहे, तिला एकटीला सोडू नकोस.

माझी गाडी शिकवायची गाडी. तिला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, एक शेजारच्या सीटपुढे, माझ्यासाठी. गाडी मी चालवत असले की त्या शेजारच्या सीटवर वहिनी बसते. पाय जवळ घेऊन बस, असं मी तिला दर वेळी बजावते.

त्या दिवशी आम्ही मुलींच्या एका खेळाच्या क्लबात निघालो होतो. हँडबॉलच्या मुली आणि त्यांच्या आया. रस्त्याला गर्दी होती आणि माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं.

"आज तरी सांगणार आहेस का?" मी विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस, वहिनी. मुली असणार आहेत समोर. पडणाऱ्या, हाडं मोडून घेणाऱ्या. त्यांतली एखादी तरी गोळ्या घेत असेल. तू तिला पोटरी चेपून बघायला शिकवणार आणि खरी गोष्ट पोटात ठेवून घरी येणार. आजार म्हशीला आणि औषध पखालीला."

"ती माझी मुलगी होती."

"माझी भाची होती."

"भाची असणं सोपं असतं, वन्सं." चिडली की ती मला वन्सं म्हणते. "आत्यानं लाड करायचे आणि आईनं लोकांच्या नजरा झेलायच्या. ती गेली, आता तिच्या मागे तिचं नावही घालवू? चार बायका काय बोलतील, ऐकलंयस कधी?"

"बोलू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती तुझी मूठ आहे. तिच्या आत पोरींचे जीव आहेत. तुला भिंगरीचं नाव राखायचं नाहीये, तुला तुझं उत्तर लपवायचंय. डॉक्टरच्या खोलीतलं."

तिने ब्रेक दाबला. भर रस्त्यात, सगळा जोर लावून. गाडी जागच्या जागी बंद पडली, माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं आणि मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एक रिक्षावाला शेजारून जाताना गाडीवरची पाटी वाचून म्हणाला, "शिकवणारीलाच शिकवा आधी."

वहिनी समोर बघत होती. "परत ते काढलंस तर मी उतरून चालत जाईन."

"जा. आज नाही बोललीस तर पुढच्या वेळेपासून चालतच जा. मी नेणार नाही."

ती उतरली नाही. मी गाडी पुन्हा सुरू केली.

क्लबच्या हॉलमध्ये रबरी चटयांचा वास भरला होता. मुली पुढे चटयांवर पाय पसरून, आया मागे खुर्च्यांवर. प्रशिक्षिकेच्या गळ्यात शिट्टी आणि कपाळावर आठी. "थोडक्यात आवरा," ती वहिनीला म्हणाली, "आणि मुलींना घाबरवू नका, स्पर्धा तोंडावर आहे." एका कडेला टीमची गोलकीपर बसली होती. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा, पाय समोरच्या खुर्चीवर. मागे तिची आई, लेकीची बॅग, बाटली आणि कुबड्या मांडीवर घेऊन, कुणी पळवून नेईल अशी बसलेली.

वहिनीने भाषण सुरू केलं. पोटरी झाली, दम लागणं झालं. दोन आया फोन बघत होत्या. एक शेजारणीला म्हणाली, आणि हळू म्हणायची तसदी न घेता म्हणाली, "आता प्रत्येक दुखण्याला हॉस्पिटल गाठायचं का?" मी भिंतीशी उभी राहून आवंढ्याच्या जागेची वाट बघत होते.

आवंढा आलाच नाही. वहिनी गोलकीपरकडे वळली आणि म्हणाली, "तू रोजची काही औषधं घेतेस?"

हा प्रश्न भाषणात नव्हता. मी सरळ उभी राहिले.

"छे हो," मागून तिची आई म्हणाली. "तिला साधी सर्दीची गोळीसुद्धा लागत नाही."

गोलकीपर मान खाली घालून पट्ट्याचं टोक उचकटायला लागली. उचकटायची, चिकटवायची, पुन्हा उचकटायची. वहिनीने तिच्या बोटांकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मदतीसाठी असं कधी पाहिलं नव्हतं. मी मदत केली नाही. माझा राग अजून उतरला नव्हता.

"मी तुम्हाला नाही विचारलं," वहिनी त्या बाईंना म्हणाली.

"मी तिची आई आहे. माझ्या मुलीचं मला सगळं माहीत असतं."

"मलाही असंच वाटायचं." वहिनीने हातातला फोटो टेबलावर पालथा ठेवला. "माझ्या मुलीला डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. उत्तर मी दिलं, तुम्ही दिलंत तेच. माझी मुलगी गोळ्या घेत होती. संततिनियमनाच्या. मी शेजारी बसले होते म्हणून ती बोलली नाही, आणि गेली."

मग ती मघाची, दुखण्याला हॉस्पिटल गाठायचं का विचारणारी, म्हणाली, "लग्न झालं होतं का तिचं?"

"नाही."

"अगंबाई."

नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या बाईच्या नाकावरच एक ठेवून द्यावी, असं मला फार वाटलं. वहिनी मात्र जागची हलली नाही.

"सगळ्या आयांनी बाहेर चला," ती म्हणाली.

प्रशिक्षिका पुढे आली. "असं ठरलं नव्हतं. क्लबात तसल्या विषयावर—"

"तुम्हीही चला. शिट्टी घेऊन चला."

"आमच्या मुलींना आमच्यामागे काय शिकवणार तुम्ही?" गोलकीपरची आई उठून उभी राहिली, कुबड्या हातात घट्ट धरून.

"मी काहीच नाही शिकवणार. मीही बाहेर येतेय. मी आईच आहे."

बायका हलेनात. आयांनी एकमेकींचा आधार घेतला, आता सगळ्याच तावातावाने बोलायला लागल्या आणि कोण काय म्हणतंय ते कळेना. तेवढ्यात गोलकीपर म्हणाली, "आई, तू जा."

फार हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. तिच्या आईचं तोंड थोबाडीत बसल्यासारखं झालं. तिने कुबड्या लेकीच्या खुर्चीला टेकवून ठेवल्या, एक घसरली ती उचलून पुन्हा नीट ठेवली आणि ती बाहेर गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. वहिनी शेवटी. जाताना तिने दार ओढून घेतलं.

आत मी आणि सगळ्या मुली. आयुष्यात मी क्लच आणि गिअर सोडून कशावरही भाषण दिलेलं नाही.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. "गाडी शिकवते." दोघीतिघी हसल्या, तेवढं बरं झालं. मग मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. गोळ्या घेण्यात पाप नाही. घाबरून आपल्या मनाने बंदही करू नका. पण पाय जखडला, ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरला स्वतःच्या तोंडाने सांगा. तो तुमच्या आईशी बोलायला लागला तर त्याला म्हणा, इकडे बघा. आई उठत नसेल तर म्हणा, आई, तू जा. आत्ता एकीने म्हटलं तसं.

मुली पांगून आपापसांत बोलायला लागल्या, तेव्हा गोलकीपरने मला खुणेने जवळ बोलावलं. ती काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही. तिने माझ्यासमोर तिच्या डॉक्टरला फोन लावला आणि ती बोलत असेपर्यंत मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

दारापलीकडून आवाज येत होते. दार उघडलं तेव्हा वहिनीचीही पाठ पलीकडून दाराला टेकलेली होती, ती माझ्या अंगावर कोलमडता कोलमडता सावरली. समोर आयांचं कडं. कुणीतरी बोलत होतं, "तुमची मुलगी तसली होती म्हणून आमच्याही—"

"तसली म्हणा, कसलीही म्हणा," वहिनी म्हणाली. "मला ती घरी हवी होती."

गोलकीपर कुबड्या टेकत बाहेर आली आणि आईला म्हणाली, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात बोलावलंय, पाय तपासायला. आईने काही विचारण्यासाठी तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि मिटलं. बॅग तिने खांद्याला लावली. प्रशिक्षिकेने आम्हाला सांगितलं, पुन्हा यायची तसदी घेऊ नका.

गाडीत बसल्यावर वहिनीने पाय जवळ घेतले. मी किल्ली लावली, फिरवली नाही.

"काय म्हणाली गं ती पोरगी?" तिने विचारलं.

"नाही सांगणार."

"मला?"

"तुला तर नाहीच."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "भिंगरीनं मला सांगितलं असतं ना, तर मी तिला मारलं असतं."

कुणी म्हणेल, अशा वेळी बाईला धीर द्यावा, असं काही नसतं म्हणावं. पण तिने खरं सांगितलं होतं आणि मला खोटं बोलायचं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तिला माहीत होतं ते."

वहिनी रडली. हॉलमध्ये रडते तशी नाही, नाक वाहत, तोंड वेडंवाकडं करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तिलाही तो चालला नसता. रडून झाल्यावर तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "पुढचं भाषण कधी आहे?"

"गुरुवारी."

"तेव्हा हेही सांगते," ती म्हणाली. "मारलं असतं, हे."

मी गाडी सुरू केली.