घड्याळ उतरवणारा हात

घड्याळजीचा हात फार हलका, असं सगळी पेठ म्हणायची. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवताना तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा. त्या हाताचं वजन फक्त बायकोला ठाऊक होतं. त्याची एक रीत होती. मारण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ उतरवायचा, पट्टा दुमडायचा आणि काच वर करून टेबलावर ठेवायचा. घड्याळाला धक्का लागता कामा नये. बायकोला लागला तर चालायचं.

निमित्त बहुतेक वेळा तिचं हसणं. माहेरी ती हसली की पत्र्यावरची मांजरं पळायची, असं भाऊ चिडवायचा. सासरी ते हसू विझलं ते विझलंच.

मग कायदा आला. मारकुट्या नवऱ्याला घराबाहेर काढणारा, घर बाईच्या हाती ठेवणारा. पोलिसांनी घड्याळजीला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि तिनं पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल मांडून लेकीला वाढवलं. पण कायदा मुदतीचा. ती मुदत आता सरत आली होती, आणि वाढवायची की नाही ते ठरवायला लोकप्रतिनिधींची समिती बसणार होती. घड्याळजीनं शेजारणीकरवी निरोप धाडला: कायदा संपला की मी घरी येतोय, माझी खुर्ची खिडकीशी ठेव.

खुर्ची तिनं केव्हाच भंगारात घातली होती.

आपण दुसरीकडे राहू, असं लेक म्हणाली. तिनं इस्त्री उभी केली. "मी का जाऊ? उट्टं काढायचंय मला. आयुष्यभर थांबलेय."

समितीपुढे साक्षी एकेकाच्या होत्या. ती लेकीला घेऊन आत गेली तेव्हा घड्याळजी बाहेर बाकावर होता. तिनं मार थोडक्यात सांगितला आणि घड्याळाची रीत सावकाश. पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष समजुतीनं म्हणाले की आता तुमच्या नवऱ्याचंही वय झालं, वयानं माणूस निवतो.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, साहेब," ती म्हणाली. "त्यांची साक्ष होईपर्यंत मला मागं बसू द्या, एवढंच."

त्यांनी बसू दिलं.

घड्याळजी आला. सदरा पांढरा, पण कॉलरची इस्त्री कच्ची. ते बघून तिला बरं वाटलं. तो मधाळ बोलला. आमची ही भोळी, लोकांनी तिचे कान भरले. म्हातारपणी आपल्या घरात दोन घास खावेत, याहून काय मागतो मी? या हातानं कधी मुंगी मारली नाही.

"गोगलगाय नि पोटात पाय," लेक पुटपुटली.

पण समितीतले दोघेतिघे माना डोलवू लागले होते. अध्यक्षांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

तेव्हा ती हसली. तेच माहेरचं, मांजरं पळवणारं हसू, पोटातून आलेलं.

घड्याळजीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. त्यानं मागं पाहिलं नाही. पुन्हा बोलायला लागला, आवाज गोडच होता, पण उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. पट्टा सुटला. नीट दुमडला गेला. घड्याळ टेबलावर आलं, काच वर. मग तो खुर्ची मागं सारून उठला आणि तिच्याकडे वळला.

दारातला शिपाई मध्ये आला. सगळे टेबलाकडे बघत होते. घड्याळजीनंही बघितलं, मग आपल्या उघड्या मनगटाकडे, आणि घाईनं हात पुढे केला.

"राहू दे तिथंच." जन्मभर अहोजाहो करणारी ती त्याला म्हणाली. "मत पडेपर्यंत."

अध्यक्षांनी घड्याळ आपल्याकडे ओढून घेतलं. दुपारी कायद्याची मुदत वाढवण्यावर मतदान झालं. विरोधात एकही हात वर गेला नाही.

बाहेर शिपायानं घड्याळजीला घड्याळ परत दिलं. पण केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या त्या बोटांना पट्टा काही लावता येईना. ती समोर उभी राहून बघत होती. लावून देता आला असता. तिनं हात पदराखाली घेतले, पोटभर बघितलं आणि हसतच पायऱ्या उतरली.

"आई, लोक बघताहेत," लेक म्हणाली.

"बघू देत. तोही बघतोय ना?"