किंकाळीसकट

थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि तेही कुणाच्या सुखावर? उजव्या हाताची दोन बोटं गेलेल्या सख्ख्या बहिणीच्या! लोक बंगल्यांवर जळतात, गाड्यांवर जळतात. ही बाई उरलेल्या तीन बोटांवर जळत होती.

दोघी एकाच बाइंडिंगच्या कारखान्यात. कागद कापायच्या मोठ्या मशीनवर आधी धाकटी होती. गठ्ठा असा कापायची की कडेवरून नुसता हात फिरवत राहावं. नऊ वर्षांपूर्वी पातं निसटलं, बोटं गेली आणि मशीन थोरलीकडे आलं. पाठोपाठ मुकादमकीही आली. धाकटीला खिडकीपाशी फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला बसवलं.

आता बाईनं कुढावं की नाही? छे! ही आपली डाव्या हातानं खळ लावतेय, गुणगुणतेय, पानं जोडता जोडता वाचतेय आणि वाचलेलं सगळ्यांना रंगवून सांगतेय. जेवणाच्या सुट्टीत अख्खा कारखाना तिच्या टेबलाभोवती. थोरलीकडे कोण येतं? पातं बोथट झालंय, एवढं सांगायला येतात.

त्या दिवशी एका नव्या बाईनं विचारलंच, "तो दिवस पुसून टाकता आला तर गं?"

"नको बाई," धाकटी हसली. "तो गेला तर हे टेबलही जाईल. होता तसाच राहू दे, किंकाळीसकट."

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुट्टी संपून बायका पांगल्या, तशी ती टेबलापाशी गेली.

"फार आवडतो ना तुला तो दिवस? मग पुरता ऐकून घे. मशीन बिघडलं की दांड्याला लाल दोरा बांधायचा, हो ना? आदल्या संध्याकाळी पातं सैल झालेलं मी पाहिलं होतं. दोरा हातात घेतलाही होता. तेवढ्यात मालकांनी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं. मी दोरा खिशात घातला आणि घरी गेले."

धाकटीचा हात थांबला. चेहरा पांढराफटक पडला. नऊ वर्षं थोरलीला हाच चेहरा बघायचा होता, आणि खोटं कशाला बोला, घटकाभर तिला बरं वाटलं.

"माझी बोटं जातील, हे वाटलं होतं तुला?"

"देवाशपथ नाही! एखादा गठ्ठा वाकडा कापला जावा, तू बोलणी खावीस, एवढंच."

धाकटी टेबलावर डोकं टेकून रडली, चांगली हमसून हमसून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ताई, आज घरी येऊ नकोस. उद्याही नको. तुझं तोंड बघवणार नाही मला."

"आणि मग?"

"मग ये. तो दिवस होता तसा हवा म्हणून बसलेय ना मी? त्यात तूही आलीस. जड जाईल, पण तुला वगळून कसा घेऊ?"

थोरलीनं मनात हिशोब मांडला. त्या दिवसानं हिची बोटं नेली, आपल्याला सगळं दिलं. पण तो पुसून देणारा कुणी आत्ता भेटता, तर थोरलीनं त्याचे पाय धरले असते. धाकटीनं डोळे कोरडे केले आणि पुढचं फाटकं पान ओढून घेतलं. आणि इतकं सगळं होऊनही थोरलीला तिचा हेवाच वाटला.