लोणच्याचा वेगळा निकाल

न्यायमूर्ती ऑर्विल टेगार्डन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बावीस वर्षं बसले. बसले हेच खरं, कारण उठून काही केल्याचं कुणालाच आठवत नाही. बाकीचे सहा न्यायमूर्ती काय म्हणतात ते आधी ऐकायचं, चष्मा पुसायचा आणि खाली लिहायचं, 'सहमत'. तीन-तीन अशी फूट पडली तर मुख्य न्यायमूर्तींच्या मागे जायचं. असा माणूस कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. जज्जाला ठेवायचं की काढायचं, असं त्याच्या जिल्ह्यात दर सहा वर्षांनी मतदान व्हायचं. लोक बिचारे 'ठेवा'वर खूण करून घरी जायचे.

यंदा मात्र वारं फिरलं होतं. 'सगळ्या जज्जांना हाकला' म्हणून टीव्हीवर बोंब चालली होती. खुर्ची जाणार या धास्तीने साहेबांना जेवण गोड लागेना.

बायको मर्ना म्हणाली, "लोकांना तोंड दाखव जरा. जिल्ह्याच्या जत्रेत लोणच्यांच्या स्पर्धेला परीक्षक हवाय. खा, हस, आणि शेरिफच्या आईला पहिलं बक्षीस देऊन ये."

"चाखायच्या आधीच?"

"अरे देवा! विल्मा क्लासेनला अकरा वर्षं तेच मिळतंय. अर्धा जिल्हा तिच्या नात्यातला, उरलेला तिच्या मुलाला टरकून असतो. मतं हवीत ना तुला?"

जत्रेच्या तंबूत विल्माबाईंची काकडीच्या लोणच्याची बरणी उघडली. पाद्री आणि शाळेच्या मुख्याध्यापिका, हे बाकीचे दोघे परीक्षक न चाखताच "वा वा" करू लागले. साहेबांनी एक चकती तोंडात टाकली आणि थबकले. रोज दुपारी सँडविचबरोबर ते हेच तर खात! चकत्या एकसारख्या, यंत्राने कापलेल्या. चक्क कारखान्याचा माल. आणि नियम होता, लोणचं घरी घातलेलंच हवं.

विल्माबाईंचा मुलगा, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख शेरिफ बॉइड कानाशी लागला, "जज्जसाहेब, म्हातारीचे हात थरथरतात हो आता. सुरी धरवत नाही तिला. सोडा की एवढं."

"नियम आहे," साहेब म्हणाले.

काय संचारलं होतं देव जाणे! त्यांनी कागद मागवले, चार पानं खरडली आणि माइकवर वाचली. पहिलंच वाक्य, "मी असहमत आहे." विल्माबाई मुसमुसून रडल्या. दोन विरुद्ध एक मतांनी बक्षीस त्यांनाच मिळालं. वर्तमानपत्राने ती चारही पानं जशीच्या तशी छापली.

नोव्हेंबरात जिल्ह्याने साहेबांना काढलं. शेजाऱ्यांनीसुद्धा! पण साहेबांची मान काय ताठ झाली म्हणता! येईल त्याला ऐकवायचे, "तत्त्वापायी खुर्ची सोडली मी." मर्नाचे कान किटले.

मग एक दिवस तुरुंगातून पत्र आलं. ड्वेन प्रूइट नावाच्या कैद्याचं. जन्मठेपेचं त्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. साहेबांनी ऐटीत चष्मा लावला आणि मर्नाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला ते थांबले. पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

"साहेब, माझ्या अपिलात तीन जज्ज सोडा म्हणाले, तीन नको म्हणाले. सातवे तुम्ही, मुख्य न्यायमूर्तींच्या मागून 'नको' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला असहमत होता येत नसेल. परवा एका जुन्या वर्तमानपत्रात तुमचा लोणच्याचा निकाल वाचला. फार छान लिहिलाय."