फातिहा वाचून विकलेला आठवडा

कराराच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: दहा दिवसांच्या आत दोघांच्या सहीने लेखी कळवलं तर करार रद्द, पैसे परत. ते मला आठव्या दिवशी सापडलं. मी अर्ज लिहिला, माझी सही ठोकली आणि कागद शहातापुढे सरकवला.

त्याने पावाचा तुकडा फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या वालाच्या, वाटीत बुडवला. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फातिहा वाचलीय आपण," तो म्हणाला. "वाचलेली फातिहा मोडत नसतात."

शहाता माझा नवरा. शुब्रा या आमच्या वस्तीतल्या इमारतींचे पाण्याचे पंप चाळीस वर्षं दुरुस्त करतोय आणि एकाही गिऱ्हाइकाशी त्याने कधी कागद केलेला नाही. सौदा ठरला की दोघांनी तळवे वर करायचे, कुराणातली पहिली सूरा, फातिहा, म्हणायची, तोंडावरून हात फिरवायचा. झालं. आमचं लग्नही असंच ठरलं. त्याच्या लेखी कागद म्हणजे भजी बांधायची वस्तू.

नऊ वर्षं आम्ही हजच्या सोडतीत नाव टाकतोय. नऊ वर्षं नाव निघालेलं नाही. मी शाळेचे गणवेश शिवून आणि भिशी लावून, त्याने पंप खोलून साठवलेले पैसे पोस्टात पडून होते. नवव्या यादीतही नाव नाही म्हणून कळलं, आणि त्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला.

"अभिनंदन! सोडतीत तुमचं नाव निघालंय! ऐन सुखनाला, समुद्रकाठी, एक आठवडा फुकट. फक्त मादामना सोबत घेऊन या."

नाव निघालंय! नऊ वर्षं हेच ऐकायला तरसलेल्या माणसाला आणखी काय हवं? त्याने दाढी केली. खोटं कशाला बोलू, मीही नवा रुमाल डोक्याला बांधला.

हॉटेलच्या हॉलमध्ये पाच तास बसवलं. फुकट काहीच नव्हतं; समुद्रकाठच्या खोलीतला दरवर्षीचा एक आठवडा ते विकत होते. गाणी इतकी मोठ्याने की नवरा-बायकोला आपसात बोलताच येऊ नये. कुठल्या टेबलावर सही झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि भोंग्यातून बायकांचा लग्नातला 'लू-लू-लू' हुलकार सोडायचा. जेवण सगळ्यात शेवटी. आमच्या वाट्याला हैथम आला. तिशीचा, गुळगुळीत. पहिल्या मिनिटाला शहाताला "हाजी" म्हणू लागला.

आमच्याकडे पांढऱ्या केसांच्या कुणालाही हाजी म्हणतात. पण शहाता भाजीवाल्यालाही अडवतो: "हाजी म्हणू नकोस, मी अजून गेलो नाही." त्या दिवशी त्याने अडवलं नाही. मी बघत होते.

"आई, तुम्ही नुसत्या हो म्हणा," हैथम मला म्हणाला.

"मला साखरेचा त्रास आहे बाळा, मला जेवायचंय."

"जेवूच की! एक सही, मग पोटभर."

"हे हजचे पैसे आहेत."

"मग तर उत्तमच! तुमचा आठवडा आम्ही भाड्याने देऊ, दोन वर्षांत दोन हज होतील."

शहाता म्हणाला, घरी जाऊन विचार करतो. मग एक साहेब आला, त्याच्यावरचा साहेब आला. शहाता तेच म्हणाला. तेव्हा हैथमने कागद मिटला. माझ्या नवऱ्याची दुखरी नस त्याला सापडली होती.

"राहू द्या कागद, हाजी. तुम्ही शब्दाची माणसं. आपण फातिहाच वाचू या."

शहाताचे तळवे आपोआप वर गेले. त्यानंतर सह्या म्हणजे नुसता उपचार. मीही केली, गार मॅकरोनीच्या एका ताटलीसाठी. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दुसऱ्या सकाळी हैथम स्वतः गाडी घेऊन दारात आला आणि आम्हाला पोस्टात नेऊन खातं रिकामं करून गेला.

"आपल्या लेकीच्या, रिदाच्या, पहिल्या साखरपुड्याला फातिहा वाचली नव्हती?" आठव्या दिवशी तो अर्ज पुढ्यात ठेवून मी विचारलं. "मग मोडलीस कशी?"

"मुलगा जुगारी निघाला. त्यांनी लपवलं होतं."

"आणि ह्यांनी हे मागचं पान दाखवलं होतं?"

त्याने उरलेल्या पावाने वाटी पुसून घेतली. मग म्हणाला, "मी हैथमला विचारतो. त्याने मोकळं केलं तर सही करीन."

जुलमी माणसाची परवानगी घेऊन सुटायचं म्हणे! पण भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. नवव्या दिवशी गेलो. कंपनीची कचेरी त्या हॉललाच लागून.

"उस्ताद हैथम आत आहेत, कामात," टेबलावरची मुलगी म्हणाली.

"मग हा अर्ज घे आणि पोच दे," मी म्हटलं.

"अर्ज घेणारे साहेब रविवारी येतात, मावशी."

रविवार म्हणजे तेरावा दिवस. मी खुर्चीत बसले, चपला काढल्या, गुडघे चोळले.

दाराआडून फातिहा ऐकू आली. मग "आमीन", मग तो भोंग्यातला हुलकार. शहाताने सवयीने तळवे वर केले, तोही आमीन म्हणाला. अर्ध्या तासाने पुन्हा. त्याने पुन्हा तळवे वर केले. तिसऱ्या वेळी हात अर्ध्यावरच थांबले आणि हळूच मांडीवर आले. आवाज हैथमचाच होता.

"बेटी," शहाताने त्या मुलीला विचारलं, "हे दिवसातून किती वेळा?"

"धंदा असेल तसं," ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. "शुक्रवारी जास्त."

तो उठला. जिन्यात म्हणाला, "पेन आहे?"

दहाव्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवर मादाम आफाफ, जिने आमचं खातं रिकामं करून दिलं होतं.

"त्या दिवशी सोबत तो चकचकीत मुलगा होता, मला वाटलं जावई," ती म्हणाली.

"जावई असता तर परवडलं असतं, तलाक तरी घेता आला असता."

ती हसली, अर्ज वाचला आणि हसायची थांबली. "त्यांच्या हातात द्यायला जाऊ नका. रजिस्टर करा, पोचपावतीसकट. तारखेचा शिक्का माझा, तो कुणाचा बाप खोटा पाडणार नाही."

ती पाकीट चिकटवत असतानाच शहाताचा फोन वाजला. पंपांनी त्याचे कान गेलेत, म्हणून तो फोन स्पीकरवर टाकूनच बोलतो. सगळ्या रांगेने ऐकलं.

"हाजी, काल येऊन गेलात म्हणे? रद्द करायला? फातिहा वाचलीय आपण! देवाला काय तोंड दाखवाल?"

मादाम आफाफचा शिक्का हवेत. शहाताने फोन तोंडाजवळ धरला.

"मला हाजी म्हणू नकोस," तो म्हणाला. "मी अजून गेलो नाही."

आणि त्याने फोन बंद केला. शिक्का पडला.

पैसे पाच महिन्यांनी आले. सात फेऱ्या आणि एका वकिलाच्या नोटिशीनंतर, "कचेरी खर्च" म्हणून एक लचका तोडून. पोचपावती शहाताच्या पाकिटात अजून आहे, घडीवर फाटत आलीय. दहाव्या वर्षीच्या यादीतही आमचं नाव नव्हतं.