पाटीवरचं वाक्य

"चला, एक काम उरकलं," हे बाबांचं कुठल्याशा कादंबरीतून उचललेलं पालुपद. स्टेशनातली पाळी संपवून आले की म्हणायचे, फणस फोडून झाला की म्हणायचे. मानमोडीच्या साथीत आई गेली, तिला पोचवून परतले तेव्हाही म्हणाले होते. वासंती तेव्हा नऊ वर्षांची. बाबा खचले नाहीत, याचाच तिला आधार वाटला होता.

आता बाबाही गेले. भावाने, चिंतामणीने, त्यांच्या नावाने लोणावळ्याच्या वाचनालयाला कपाट द्यायचं ठरवलं. त्यावर दगडी पाटी, पाटीवर हेच वाक्य आणि खाली ते ज्या कादंबरीतलं, तिचं नाव. पण नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं वाचन असून वासंतीलाही ते पुस्तक कधी भेटलं नव्हतं.

म्हणून ती वाचनालयाच्या चिटणिसांकडे, बाबांचे जुने स्नेही गोपाळकृष्णपंत यांच्याकडे गेली. वाक्य ऐकताच पंतांची कळी खुलली. तपकिरीने माखलेल्या रुमालाने नाक पुसत त्यांनी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"अगं, त्यातला म्हातारा इनामदार! एकामागून एक चार बायका पोचवतो. दर वेळी आंघोळ करून ओटीवर येतो, हे म्हणतो आणि पुढची मुलगी बघायला सांगतो. तुझ्या बाबांसारखी नक्कल कुणाला साधायची नाही. हसून हसून पोटं दुखायची आमची."

आई गेली त्या दिवशी पंत ओटीवरच होते. बाबा ते वाक्य बोलले आणि पंतांनी तोंडाला उपरणं लावलं. त्यांना ठसका लागला असं समजून वासंतीनेच आतून पाणी आणून दिलं होतं.

महिन्याभरात नवी आई घरात आली होती.

पंतांनी पुस्तक काढून पुढे केलं. थुंकी लावून उलटलेल्या पानांचे कोपरे काळे, चिकट झाले होते. वासंतीने हात पदराखालीच ठेवला आणि येते म्हणून निघाली.

ती थेट बाजारामागे महिपती पाथरवटाकडे गेली. वाक्य काढून टाका, म्हणाली.

"ते तर कोरून झालं, ताई. पुस्तकाच्या नावासाठीच थांबलो हुतो. भाऊसाहेब रागावत्याल."

"त्याला मी सांगेन."

"घासलं तर तितं खळगा पडंल. लय वंगाळ दिसंल."

"दिसू दे," वासंती म्हणाली, आणि तो छिन्नी उचलेपर्यंत तिथेच उभी राहिली.