बारीक वायर, कच्चा टाका

आमचे हे गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करतात, आणि लाईट गेली की मला, त्यांच्या बायकोला, शिवणाच्या खोलीत सुईचं नेढं दिसत नाही!

स्वयंपाकघरात गाडीची जुनी बॅटरी आहे. तिच्यावरून यांनी माझ्या या मागच्या शिवणाच्या खोलीत दिवा ओढून दिला. चाळीस फूट वायर. दिवा लागला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

"बल्बच भिकार असेल," म्हणत दुप्पट वॉटचा आणला. तो आणखीच लाल. मग बॅटरी चार्ज करून आणली. तेच रडगाणं. शेवटी म्हणतात, "तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

मी डोळे तपासून आले. नंबर तोच होता!

माझं डोकंच फिरलं. बल्ब काढला, तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि वीतभर वायरीने थेट बॅटरीला जोडला. लख्ख उजेड!

"आता बोला. चाळीस फुटांत हा उजेड कोणी खाल्ला?"

हे डोकं खाजवत म्हणाले, "वायर बारीक आहे गं. करंटला अडथळा होतो, निम्मा जोर वाटेतच जातो. घरात बेलची वायर पडली होती, तीच लावली."

"गिऱ्हाइकाच्या गाडीला लावली असती?"

"छे! गिऱ्हाईक गळा धरेल."

दुसऱ्या दिवशी यांनी उसवलेली पँट माझ्यापुढे टाकली. मी मुकाट्याने शिवून दिली.

दुपारी गॅरेजमधून फोन आला. "अगं, वाकलो आणि चारचौघांत टर्रकन..."

"धागा बारीक होता हो," मी म्हटलं. "घरात पडला होता, तोच लावला."